‘वाफच तर आहे, बाबा’

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

माझा मुलगा दहावीत आहे. गेल्या रविवारी त्याच्या कंपासपेटीत पट्टी शोधत असताना हायलायटरसारखी दिसणारी एक निळी वस्तू माझ्या हाती लागली. तिच्या एका टोकाला चपटी तोटी होती आणि तोटीला पिकलेल्या आंब्यासारखा गोड वास येत होता. ती व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, आहे हे मला एका तरुण सहकाऱ्याला फोटो दाखवल्यावर कळले. संध्याकाळी विचारले तेव्हा मुलगा आधी ‘मित्राची आहे’ म्हणाला, मग ‘वाफच तर आहे, बाबा, तंबाखू थोडीच आहे’ असे म्हणाला, आणि माझा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मारले. त्यावर तो एवढेच म्हणाला, ‘मग तुम्ही गॅलरीत काय करता?’ मी 20 वर्षांपासून सिगारेट ओढतो, दिवसाला 7-8 होतात. आज पाचवा दिवस आहे. तो माझ्याशी बोलत नाही, ताट खोलीत नेतो. मोबाइल मी काढून घेतला आहे. माझी आई सकाळी मशेरी लावता लावता रोज तेच सांगते, की त्याला गावी काकांकडे ठेवा म्हणजे संगत सुटेल. शाळेला कळवावे का, क्लास बंद करावा का, ही वस्तू खरोखर किती घातक आहे आणि मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू, हे मला कळेनासे झाले आहे. घरात 6 वर्षांची मुलगीही आहे.

– एक वडील, नाशिक

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे मी येणारच आहे, पण सुरुवात मी तुमच्या उठलेल्या हातापासून करते, कारण तो विषय मिटल्याशिवाय बाकीचे काहीही तुमच्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचणार नाही. आज रात्री जेवणाआधी त्याच्या खोलीत जा, उभ्याने बोलू नका, बसा, आणि म्हणा, ‘मी तुला मारायला नको होते, ते माझे चुकले. त्या वस्तूबद्दल आपण बोलणार आहोत, पण आज नाही.’ त्यानंतर ‘पण तूसुद्धा’ अशी सुरुवात असलेले जे वाक्य तोंडात येईल ते गिळून टाका आणि बाहेर या. तो कदाचित मान वर करून बघणारही नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ताट बाहेर येण्याची शक्यता बरीच वाढते, हे मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना अनेक घरांत पाहिले आहे.

मग एक-दोन दिवसांनी बोलायला बसाल तेव्हा ‘कोणी शिकवले’, ‘किती दिवस चालले आहे’, ‘पैसे कुठून आणले’ हे प्रश्न बाजूला ठेवा. ते प्रश्न गुन्ह्याच्या तपासाचे आहेत आणि त्यांची उत्तरे खोटी मिळतात. तुम्हाला आधी कळायला हवी ती एकच गोष्ट, ती म्हणजे निकोटिनने त्याला किती धरले आहे. दोन-तीन वेळा मित्रांच्या नादाने ओढून पाहिलेला मुलगा आणि ओढल्याशिवाय वर्गात बसू न शकणारा मुलगा, या दोघांच्या बाबतीत घरच्यांनी करायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि बहुतेक घरांत पहिल्याला दुसऱ्याची शिक्षा मिळते व दुसऱ्याला मदत मिळायची राहून जाते.

ही पकड मोजण्याची एक साधी रीत आहे आणि व्यसनमुक्तीचे डॉक्टरही तिचा आधार घेतात. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने लागतो, हे विचारायचे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे, 5 मिनिटांच्या आत लागत असेल तर फारच घट्ट आहे, आणि शनिवारी मित्र भेटले तरच आठवण येत असेल तर अजून वेळ हातात आहे. त्याच्या जोडीला आणखी थोडे विचारा. रात्री त्यासाठी जाग येते का? शाळेत मधल्या सुटीची वाट न पाहता स्वच्छतागृहात जावे लागते का? सोडायचे ठरवून जमले नाही, असे कधी झाले का? आणि त्या नळीत फक्त निकोटिन होते की कोणी गांजाचा अर्क भरून दिला होता, हेही विचारा. हा शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नका. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसे अचानक निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले आणि 68 जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काची नळी वापरली होती आणि त्या अर्कात मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे तेल हे मुख्य कारण निघाले. मुलाला धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ताप आणि उलट्या होत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या आणि व्हेपचे नाव त्यांच्यापासून लपवू नका.

पकड म्हणजे काय हे मला नववीतल्या एका मुलीने शिकवले. वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवले ते ‘प्रत्येक तासाला बाथरूमला जाते’ या तक्रारीवरून. 40 मिनिटे ती माझ्यासमोर बसली होती आणि त्या सगळ्या वेळात तिच्या उजव्या हाताची बोटे माझ्या टेबलावरच्या पेनाचे टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. शेवटी ती म्हणाली, ‘मॅडम, मला ते आता आवडतसुद्धा नाही. पण नसलं की डोकं फिरतं.’ तिच्या घरी हे कळले तेव्हा तिलाही मारच बसला होता. त्या मुलीला कुणी वाईट म्हणावे असे काही तिच्यात नव्हते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने पहिल्यांदा ओढले होते आणि 4 महिन्यांत ती इथवर आली होती.

आता तुमच्या मुलाचे वाक्य. ‘वाफच तर आहे’ हे तो तुम्हाला फसवण्यासाठी म्हणाला असे मला वाटत नाही. त्याला विकणाऱ्याने त्याला तसेच सांगितले असणार. त्या नळीत लिथियमची एक छोटी बॅटरी, धातूच्या तारेचे वेटोळे आणि द्रवात भिजलेला कापूस असतो. ओढले की तार तापते आणि त्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात. पाण्याच्या वाफेशी त्याचा काही संबंध नाही. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादासाठीची रसायने आणि निकोटिन असते. हे सारे तापताना फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलिनसारखी घातक रसायने तयार होऊ शकतात आणि तारेतल्या निकेल, शिसे अशा धातूंचे कणही त्यात उतरतात. तंबाखूचे पान त्यात नाही, एवढे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण तुमची सिगारेट ज्याच्यामुळे 20 वर्षे सुटली नाही ते निकोटिन त्यात आहे, आणि पुष्कळ आहे.

ते किती, हे तुम्ही दोघांनी मिळून त्या वस्तूच्या वेष्टनावर वाचावे असे मला वाटते. अशा नळ्यांवर बहुधा ‘5 टक्के’ लिहिलेले असते, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये सुमारे 50 मिलिग्रॅम निकोटिन. नळीत 2 मिलिलिटर द्रव असेल तर 100 मिलिग्रॅम झाले. एका सिगारेटमधून साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जाते. युरोपीय संघाने प्रौढांसाठीसुद्धा 1 मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. एवढे तीव्र निकोटिन पूर्वी घशाने घेतलेच नसते. तुम्ही पहिली सिगारेट ओढली तेव्हा तुम्हाला ठसका लागला असेल, डोळ्यांत पाणी आले असेल. नव्या नळ्यांमध्ये निकोटिनला बेंझोइकसारख्या आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार वापरतात. तो घशाला मऊ लागतो, वरून आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद असतो, आणि शरीर जो पहिला इशारा देते तोच मुलाला मिळत नाही. सिगारेट संपली की संपली हे तरी कळते. ही नळी दिवसभर खिशात असते, तिचा वास कपड्यांना राहत नाही, आणि आपण किती ओढले याचा हिशेब कोणालाच राहत नाही. वेष्टनावर ‘निकोटिन नाही’ असे लिहिले असेल तरी निश्चिंत होऊ नका. ऑस्ट्रेलियात तसे लिहून विकलेल्या द्रवांच्या तपासणीत निकोटिन सापडलेले आहे, आणि आपल्याकडे तर ही वस्तू बंदी असताना चोरट्या मार्गाने येते, तेव्हा आत काय भरले आहे हे तपासणारे कोणी नाही.

तो तुम्हाला असेही म्हणेल की सिगारेटपेक्षा हे कमी वाईट आहे. त्याला खोडून काढण्याच्या भरात खोटे बोलू नका, कारण त्याच्या मोबाइलवर त्याला दोन मिनिटांत उत्तर सापडेल. रोज सिगारेट ओढणारा प्रौढ माणूस सिगारेट पूर्ण सोडून व्हेपकडे वळला तर त्याच्या शरीरात धुरातली विषे कमी जातात, हे खरे आहे. पण तुमचा मुलगा सिगारेट सोडून व्हेपकडे आलेला नाही. तो स्वच्छ हवा सोडून आलेला आहे, आणि त्याची तुलना हवेशीच करायला हवी. मेंदूचा जो भाग लक्ष एकवटतो, मोहाला आवर घालतो, परिणामांचा विचार करतो, तो साधारण वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत घडत असतो. त्या काळात निकोटिनची सवय लवकर लागते आणि खोल रुजते. दहावीच्या मुलांकडून मी एक वाक्य नेहमी ऐकते, ‘ओढलं की अभ्यासात लक्ष लागतं.’ त्यांना तसे मनापासून वाटत असते. निकोटिनचा रक्तातला अंमल दोनेक तासांत निम्म्यावर येतो, मग चिडचिड सुरू होते, पानावरची अक्षरे नजरेसमोरून नुसती सरकतात, आणि एक झुरका घेतला की तेवढ्यापुरते सगळे जागेवर येते. जो त्रास झुरक्याने थांबतो तो मुळात त्याच्याच आधीच्या झुरक्याने आणलेला असतो, हे कागदावर तासांची रेघ ओढून त्याला दाखवा. गणित येणाऱ्या मुलांना हे पटकन समजते.

पकड सैल असेल तर एवढे बोलणे, आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर चालायला जाणे आणि विकणाऱ्याचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकणे पुरते. मोबाइल त्यासाठी परत द्यावा लागेल, तो द्या. पकड घट्ट असेल तर मात्र ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ असे म्हणू नका, कारण परीक्षेचा ताण हाच त्याचा सर्वांत मोठा बहाणा होईल. एक दिवस त्यालाच निवडू द्या. जोडून सुटी येणारा शुक्रवार मला सोयीचा वाटतो, कारण पहिले 2-3 दिवस सगळ्यांत जड जातात आणि ते घरी गेलेले बरे. त्या दिवसांत तो दारे आपटेल, झोप उडेल, सारखी भूक लागेल, लहान बहिणीवर ओरडेल. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. त्याच्या उद्धटपणाचा हिशेब त्या आठवड्यात मांडू नका. 3-4 आठवड्यांत हे बहुतेक ओसरते. तलफ येते ती काही मिनिटांपुरतीच असते, तेवढी मिनिटे टळली की लाट उतरते. त्या वेळी तोंडात टाकायला बडीशेप, लवंग, फुटाणे ठेवा, गार पाण्याची बाटली ठेवा, खाली उतरून सोसायटीला दोन चकरा मारायला सांगा. गोड सुपारी मात्र देऊ नका. आपल्याकडे ती निरुपद्रवी समजून मुलांच्या हातात दिली जाते, पण सुपारी, तंबाखू न घालता खाल्ली तरी, कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले आहे. निकोटिनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात सहज मिळते, तेही 18 वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तुम्ही एकट्याने हे ओझे वाहत बसायची गरज नाही. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत आहे आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या तिच्या केंद्रातून मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. मुलगा फारच खचलेला, गप्प किंवा जिवाचे बरेवाईट करण्याबद्दल बोलणारा वाटला तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा, तो रात्रीही लागतो.

आता गॅलरीकडे येते. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न तुम्हाला उद्धट वाटला आणि झोंबला, तरी तुमच्या पत्रातला सगळ्यांत खरा प्रश्न तोच आहे, आणि ‘कोणत्या तोंडाने सांगू’ असे लिहून तुम्ही तो मान्यही केला आहे. माझे म्हणणे असे की ज्या तोंडाने सिगारेट ओढता त्याच तोंडाने सांगा, फक्त आधी तिच्याबद्दल खरे सांगा. ‘मी मोठा आहे, मला चालते’ हे उत्तर देऊ नका. पहिली कधी ओढली, कोणाबरोबर, त्यानंतर किती वेळा सोडायचे ठरवले आणि किती दिवस टिकलात, पहाटे गॅलरीत उभे राहिल्यावर कसे वाटते, हे त्याला सांगा. त्याने आजवर तुमची फक्त पाठ आणि धूर पाहिला आहे. जो प्रश्न तुम्ही त्याला विचाराल, की उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने, त्याचे उत्तर आधी तुम्ही स्वतःपुरते त्याच्यासमोर द्या. आणि तो जो शुक्रवार निवडेल तोच तुमचाही ठरवा. तुमच्यासाठी औषधे आहेत, च्युइंगम आहे, त्यासाठी डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यात घ्या. सिगारेट सोडून एक वर्ष झाले की हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो, तेव्हा हा सौदा केवळ मुलासाठी आहे असेही समजू नका. दोघांतला एक जण घसरला तर दुसऱ्याने टोमणा मारायचा नाही, एवढा करार आधी करून ठेवा. घसरणारे बहुधा तुम्ही असाल, कारण तुमची सवय 20 वर्षांची आहे. तसे झाले तर त्याच दिवशी त्याला सांगा. लपवलेली एक सिगारेट त्याला सापडली तर मात्र पुढचे सगळे बोलणे संपेल.

बाकीचे प्रश्न त्या मानाने सोपे आहेत. गावी पाठवू नका. निकोटिन गावीही मिळते, आणि हाकलून दिल्याची भावना मुलाच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. क्लास चालू ठेवा. शाळेला कळवायचे असेल तर मुलाला आधी सांगून, मुख्याध्यापकांच्या खोलीत वरात न नेता, ज्या एका शिक्षकांवर त्याचा विश्वास आहे त्यांनाच भेटा. 2019 मध्ये झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातली 13 ते 15 वयोगटातली 8.5 टक्के शाळकरी मुले कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती, तेव्हा वर्गात तो एकटा असेल असे शाळेनेही मानू नये. त्याचे नाव न घेता शाळेने करण्यासारखे बरेच आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, ती रेघ खरोखर पाळली जाते का हे आधी पाहावे. ई-सिगारेटवर तर 2019 पासून देशभर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि मुलांना तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, ओढून पाहणाऱ्या मुलावर नाही. पोलिसांची भीती घालून मुलाकडून नावे काढू नका. तो सावरला की विकणाऱ्याचे नाव स्वतःहून सांगेल, मग तक्रार तुमच्या नावाने करा.

ती निळी नळी सध्या कपाटाच्या वरच्या खणात कुलपात ठेवा. फोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आतला द्रव 6 वर्षांच्या मुलीच्या तोंडात गेला तर विषबाधा होऊ शकते, आणि बॅटरी चेपली तर पेट घेते. बोलणे झाल्यावर मुलाबरोबर जाऊन ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. हातांना द्रव लागला तर साबणाने धुवा.

राहता राहिल्या तुमच्या आई. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरीही निकोटिनच आहे, आणि हिरड्यांवाटे तेही रक्तात जाते. त्यांनी ती कदाचित दातदुखीवर म्हणून सुरू केली असेल, त्या काळी त्यांना कोणी काही सांगितले नसेल. त्यांना आत्ता काही बोलू नका. एका घरात एका वेळी दोघांची तलफ सांभाळणे पुरे आहे. महिना-दोन महिने गेले आणि नातवाचे बरे चालले असेल, तर डबीचा विषय त्यालाच काढू द्या. आजी मुलापेक्षा नातवाचे ऐकतात. आणि त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे एकदा तोंड तपासायला नेण्याचे काम मात्र तुमचे, ते या महिन्यातच करा. तोंडात न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा असेल तर तो त्यांना स्वतःला दुखतही नसेल.